झोपलेल्या पेशी, जागे पेशंट

दवाखान्यातली नोकरी सुटली, पण किस्से काही सुटत नाहीत! लग्नाच्या पंगतीत कोणी लंगडत आलं की मला एक आठवतो, आणि तो सांगून होईपर्यंत दुसरा रांगेत उभा असतो.

सत्तर सालानंतरची काही वर्षं मी वाशीमच्या एका लहान दवाखान्यात सिस्टर होते. आमचे वानखडे डॉक्टर मोडलेल्या हाडापेक्षा त्याच्या भोवतीच्या मांसाची काळजी जास्त करायचे. टपालाने विलायती मासिकं मागवायचे. त्यात त्यांनी वाचलं होतं, की स्नायूच्या धाग्यांना चिकटून बारीक पेशी झोपलेल्या असतात. धागा तुटला की त्या जाग्या होतात आणि नवा धागा तयार करतात. भेटेल त्या पेशंटला ते हे सांगायचे!

*

मालेगावच्या किसनच्या पोटरीवरून कापसाची भरली गाडी गेली. पोटरी काळीनिळी, टम्म फुगलेली. "पाय कापाच लागते," असं गावातच कोणीतरी सांगून टाकलं होतं.

"आधी पाहू तर द्या," डॉक्टर म्हणाले.

कमरेत सुई देऊन पाय बधिर केला. डॉक्टर चिमट्याने स्नायू दाबून पाहायचे. फडफडला तर जिवंत, नाही तर मेलेला. मेलेलं आत राहिलं तर सडून माणूस जाणार. जिवंत कापलं तर नवीन उगवायला बीच उरणार नाही!

एक चिमटा. काही नाही. कात्री. दुसरा चिमटा. काही नाही. कात्री. माझ्या हातातल्या ट्रेमध्ये तुकडे वाढत चालले. किसन पूर्ण शुद्धीवर, छताकडे बघत पडलेला.

"बाई, काही जित्तं हाय का?"

मी ट्रे त्याच्या नजरेआड सरकवला.

सातव्या चिमट्याला स्नायू थरथरला. डॉक्टर ओरडलेच, "हलला!"

"मंग आता काहून टोचून राह्यले त्याले?" किसन म्हणाला. "राहू द्या ना!"

*

किसनचा पाय वाचला. गंगूबाईचं दुखणं वेगळं. ही पोहरादेवीकडची. दंडात बैलाचं शिंग घुसलेलं. जखम भरली, पण भीतीने हातच हलवेना. दंडाची काडी झाली.

"हलवला नाही तर जन्मभर असाच राहील," डॉक्टर कधी नव्हे ते चिडले. "पेशी जाग्या झाल्यात, त्यांना काम पाहिजे!"

गंगूबाई रात्रभर रडली. सकाळी दात आवळून तिने हात इंचभर उचलला. घामाने लुगडं भिजलं. दंडाकडे बघत वेदनेने ओरडलीच, "उठा वं मायहो! उजाडलं!"

मग रोज सकाळी तेच. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "हळू बोल वं! तुह्या उठत नाहीत, माह्याच उठून राह्यल्या!"

*

एकदा तपासणीसाठी स्नायूचा तुकडा घेऊन मी एसटीने नागपूरला निघाले. बाटलीचं झाकण सैल. सांडलं तर त्या पेशंटला पुन्हा कापावं लागणार! उभ्या गर्दीत मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलेलं.

"बाई, दांडी धरा, पडसान!" कंडक्टर म्हणाला.

"हात मोकळे नाहीत."

"बाटलीत काय हाय असं?"

"माणसाचं मांस."

मग एकदम तिघं उठले. "बसा बाई, बसा! फक्त बाटलीचं तोंड तिकडं करा!"

*

सगळ्यांचं उगवलं असं नाही. रिसोडच्या एका मास्तरांचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. कोपराखालचं मांसच गेलं.

"माझ्या पेशी कधी जाग्या होतील, डॉक्टर?"

डॉक्टर कधी खाटेवर बसत नसत. त्या दिवशी बसले. "मास्तर, धाग्यांसोबत त्याही गेल्या. जागं व्हायला कोणी उरलं नाही."

मास्तर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सिस्टर, पाटी मिळेल का?"

काही महिन्यांनी कार्ड आलं. डाव्या हाताने लिहिलेलं. "शाळेत रुजू झालो. अक्षर वाकडं आहे, मजकूर सरळ आहे."

*

आणि ते दोघे भाऊ. मोठा दादाराव, तालमीतला पैलवान. विशीतला धाकटा सुदाम त्याच्या पाठीवर बसून आला. जमिनीवरून उठायचं तर सुदामला स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढावं लागायचं.

डॉक्टरांनी दादारावला बाजूला घेतलं नाही. दोघांना समोर बसवून सांगितलं, की या आजारात स्नायू आपोआप झिजतो. पेशी जाग्या होतात, पण पुन्हापुन्हा जाग्या होऊन शेवटी दमतात.

दादारावने सगळं ऐकून घेतलं. मग धोतर वर सारून मांडीवर थाप मारली. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली.

"यातल्या काढा. लय हायेत. त्याले लावा."

"तसं करता येत नाही, दादाराव."

"मले दुखलं तरी चालते."

"दुखायचा प्रश्न नाही. अजून जगात कोणालाच येत नाही."

"दादा, चाल ना घरी," सुदाम हळूच म्हणाला.

दादाराव हलला नाही. "कवा करता येईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "वीस वर्षं लागतील. तीसही लागतील."

दादाराव खाली वाकला. भावाला पाठीवर घेतलं, सांभाळून उभा राहिला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तवर मी तालीम सोडत नाही."