शाल पांघरलेला सीपीयू

बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. किस्सा छापायची सोय नसते, म्हणून तो ऑफिसातच मुक्काम ठोकतो. वाशिमच्या आमच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार मी, फोटोग्राफर गजानन आणि ऑपरेटर वंदनाताई, अशी तीनच माणसं. पण किस्से इतके साचलेत की चौथ्या माणसाला बसायला जागा नाही. त्यातले निम्मे एकाच वस्तूचे आहेत. ती वस्तू म्हणजे वंदनाताईंचा डेस्कटॉप.

* * *

एका उन्हाळ्यात मशीन तापायला लागलं. दुरुस्तीवाल्यानं सीपीयूच्या डब्याचे दोन्ही बाजूंचे पत्रे काढले आणि म्हणाला, "हवा खाऊ द्या त्याले."

एक पत्रा गजाननने खिडकीतल्या कूलरखाली टेकू म्हणून लावला. तो पाण्यानं सडला. दुसरा खालच्या चहावाल्यानं नेला, स्टोव्हला वारा लागू नये म्हणून. मी तावातावानं मागायला गेलो, तर पत्रा काळाठिक्कर पडून अर्ध्यात वाकला होता.

चहावाला म्हणाला, "भाऊ, लय कामाचा पत्रा हाये. अजून एखादा हाये का?"

* * *

हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमारास अकोल्याच्या मुख्य कार्यालयाचं फर्मान आलं. जिल्ह्यातले नादुरुस्त डेस्कटॉप परत मागवणार, बातमीदारांनी यापुढे मोबाइलवरच टाइप करावं. न लिहिलेला अर्थ सरळ होता: मशीन गेलं की ऑपरेटरची नोकरी गेली. माझं वाचता न येणारं अक्षर वंदनाताईंनी इतकी वर्षं निस्तरलं, आणि त्यांना घरी पाठवायचा हुकूम चार ओळींत. मी चौदा ओळींचं उत्तर पाठवलं. त्याची पोचसुद्धा आली नाही.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात कोणी स्वस्थ बसलं नाही. खाली जीप थांबली की मी खुर्चीतून उठायचो. वंदनाताईंची बोटं की-बोर्डवर थबकायची. गजानन गॅलरीतून डोकावून सांगायचा, "नाही, कांदेवाला हाये."

त्यात सोयाबीन काढणीला आलं. मळणीयंत्रांची धूळ गावभर उडते, ती उघड्या डब्यात जाऊन बसू लागली. मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडायचं. नादुरुस्त ठरायला आणखी काय लागतं?

* * *

मी बाजारात पत्रे शोधत फिरलो. इतक्या जुन्या डब्याचे मिळेनात. वंदनाताई म्हणाल्या, "कायले फिरता भाऊ? मी शिवतो नं."

त्यांनी दोन पातळ प्लायवूड डब्याच्या मापानं कापून आणले. वर कापड ताणून मागच्या बाजूनं चिकटवलं, कडेनं टाके घातले, आणि कपाटाच्या दाराला असतात तसली लोहचुंबकं चार कोपऱ्यांत बसवली. पॅनल डब्याला टक्क चिकटायचं आणि ओढलं की निघायचं. कापड कोणतं? आमच्या ऑफिसात एकाच मालाचा तुटवडा नाही: सत्काराच्या शाली. कार्यक्रमाची बातमी यावी म्हणून जो तो आम्हाला शाल पांघरतो. कपाटभर पडल्या होत्या.

पहिलं पॅनल देखणं झालं. खाली कापूस भरला होता, उशीसारखा. मी एका नळयोजनेचं बिंग फोडणारी बातमी वंदनाताईंना सांगत होतो. मशीन दहा मिनिटांत गरम होऊन बंद पडलं आणि अख्खी बातमी उडाली. मी ओरडलो. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक बघायला आलं.

वंदनाताई पॅनल काढून शांतपणे म्हणाल्या, "पोशाख झाला भाऊ. नाक ठेवाचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कापूस काढला, पंख्यासमोर प्लाय गोल कापला आणि तिथं मच्छरदानीची जाळी बसवली. मशीन श्वास घेऊ लागलं. मी बातमी पुन्हा लिहिली, आणि खरं सांगायचं तर रागामुळे ती दुसऱ्यांदा जास्त चांगली झाली.

* * *

त्या बातमीवर, ती नळयोजना आणणारे पुढारी तणतणत ऑफिसात आले. बसायच्या आतच त्यांची नजर सीपीयूवर गेली. डाव्या बाजूला जरीकाठाची केशरी शाल होती. त्यांनी स्वतःच्या हातानं मला दिलेली.

"माझ्या सत्काराची ही कदर केली का तुम्ही?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही दिलेलं काहीतरी चालू आहे, ते एवढंच."

ते निघून गेले. आठवडा झाला नाही तोच त्यांचे विरोधक आले. त्यांनी तक्रार काहीच केली नाही. सीपीयूभोवती एक चक्कर मारली, उजव्या बाजूची साधी निळी शाल बोटांनी चाचपली आणि खुर्ची ओढून बसले.

"एका बाजूले ते हायेत, तं दुसऱ्या बाजूले आमी काहून नाही? तुमचा पेपर निष्पक्ष हाये म्हणता नं?"

जाताना ते टेबलावर नवी शाल ठेवून गेले. मापाला थोडी मोठी होती.

* * *

परतीच्या पावसात रिसोडच्या बाजारात सोयाबीन उघड्यावर भिजत होतं. बाजार समितीच्या ज्या पदाधिकाऱ्यांनी ताडपत्र्या द्यायच्या, ते फोन उचलत नव्हते. तिथले एक म्हातारे आबा, तीन एकरांचे धनी, एसटीनं वाशिमला आले. माझ्यासमोर बसले आणि सीपीयूकडे बघत राहिले.

"बाई, याले थंडी वाजते का?"

"नाही आबा," वंदनाताई म्हणाल्या. "धूळ लागते त्याले."

आबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या मशीनीले शाल हाये. आमच्या मालाले फारी नाही. एवढं छापा."

फारी म्हणजे ताडपत्री. मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तोच मथळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताडपत्र्यांचा टेम्पो पोचला. ज्यांनी फोन उचलला नव्हता, त्यांनीच त्या टेम्पोपुढे उभं राहून फोटो काढला आणि छापायला पाठवला. गजाननने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "यायले शाल देऊ का भाऊ?"

* * *

मुख्य कार्यालयातले देशमुख साहेब दर महिन्याला व्हिडिओ मीटिंग घेतात. एकदा कॅमेरा हलला आणि मागचा सीपीयू पडद्यावर आला.

"हे काय आहे?"

"डेस्कटॉप," मी म्हटलं.

"त्याला कापड कुणी लावलं? कंपनीच्या मालमत्तेत असा बदल करता येत नाही. आपली प्रतिमा काय राहील?"

"साहेब, पत्रे तुम्ही पाठवा. कापड आम्ही आजच काढतो. प्रतिमेचं मला माहीत नाही, पण वंदनाताईंनी जाळी बसवल्यापासून मशीन एक दिवस बंद पडलेलं नाही. तुमचंच पद काढायचं ठरलं, तर तुमच्याबद्दल असं कोणी सांगेल का?"

बाकीच्या जिल्ह्यांचे चेहरे पडद्यावर चौकोनी होऊन गोठले. देशमुख साहेबांनी पुढचा जिल्हा घेतला. वंदनाताई रागावल्या.

"तुमचं भांडण होते भाऊ, आन् नोकरी माही जाते. जरा दमानं घेत जा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

* * *

आणि एका दुपारी खरंच जीप थांबली. गजानन गॅलरीतून काहीच बोलला नाही, त्यावरूनच कळलं.

वर आला तो मुख्य कार्यालयाचा इंजिनिअर अतुल. पोरगा इथल्याच मेडशी गावचा, बाप शेतकरी. दारातच म्हणाला, "काका, माह्यावर चिडू नका. मशीन न्या म्हणून आदेश हाये."

मी चिडलो. नियम काढले, कायदा काढला, टेबलावर हात आपटला. तो मान खाली घालून वायरी सोडवत राहिला. वंदनाताई उठल्या. त्यांनी पडदा पुसला, की-बोर्ड पुसला. मग सीपीयूची दोन्ही पॅनलं ओढून काढली आणि पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

अतुल म्हणाला, "ताई, ते राहू द्या नं त्याले. रस्त्याचं काम चालू हाये, थेट अकोल्यापर्यंत नुसता फुफाटा हाये."

"तुह्या घरी बैल विकला कधी?"

"विकला नं."

"दावं देल्लं होतं का संग?"

अतुलचे हात थांबले. "नाही. दावं कोणी देत नाही ताई. गळ्यातला दोर देल्ला तं गोठ्याची बरकत जाते. घेणारा आपलं दावं घेऊन येते."

"मंग झालं तं. मशीन तुमचं हाये, ने. हे मी घरी शिवलं. हे जाणार नाही."

अतुलनं उघड्या डब्याकडे पाहिलं. खाली धुळीनं माखलेल्या जीपकडे पाहिलं. मग देशमुख साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"साहेब, मशीन आणता येत नाही."

"का?" देशमुख साहेबांचा तोच कडक इस्त्रीचा आवाज. "बंद आहे? का ते देत नाहीत?"

"चालू हाये. देतही हायेत. पण मी दावं नाही आणलं, साहेब."

मी तोंड उघडणार, तोच वंदनाताईंनी डोळ्यांनी मला गप्प केलं.

"मंग तसाच हाकून आणतं का बाप्पा?" फोनमधून आवाज आला, इस्त्री मोडलेला. "राहू दे तिथंच. पुढच्या बाजारी पाहू."