तुंब्याचं जुनं नाव

घनसावंगीचा कचरू सुतार गाडीची चाकं करायचा. मधे बाभळीचा तुंबा, त्यात बारा आरे, वर सहा पाट्यांचा घेर. मोडक्या चाकाची एकच पाटी हातात दिली तरी सबंध चाक केवढं होतं, ते तो बरोबर सांगे. बापाने त्याला कामासोबत एक सवय लावली होती. गिऱ्हाइकासमोर 'ठाऊक न्हाई' म्हणायचं नाही.

एकेचाळीस साली अंबडच्या शाळेत फारसी शिकवणारे गुलाम नबी मास्तर वही घेऊन त्याच्याकडे आले. अवजारांची नावं लिहून घेत होते.

"जुवाला संस्कृतात युग, फारसीत यूग, इंग्रजीत योक," मास्तर म्हणाले. "ही एका आईची पोरं. आई कुणी पाहिली नाही. पोरांच्या तोंडवळ्यावरून मी तिला शोधून राह्यलो."

"एका पाटीवरनं चाक काढल्यावानी."

"बिलकुल! मिस्त्री, तुम्ही माझ्या शाळेत पाहिजे होते."

"मंग गावाची चाकं कुणी केली असती?"

वहीत 'युगोम' लिहिलेलं होतं, आधी एक तारा काढलेला. कचरूने ताऱ्यावर बोट ठेवलं. मास्तर म्हणाले, "हा शब्द कुणाच्या कानावर आलेला नाही. हिशेबाने जुळवलेला आहे. ते कबूल करायचं म्हणून तारा."

मग त्यांनी तुंब्याला हात लावला. "याला संस्कृतात नाभी. इंग्रजीत नेव. फारसीत बेंबीला नाफ. तुमच्या जुन्या माणसांत असा काही शब्द होता?"

कचरूने असा शब्द ऐकला नव्हता. पण मास्तर उन्हातून आलेले, डोळे त्याच्या तोंडावर लावून बसलेले.

"होता की. आमचा आजा नाभूर म्हणायचा."

मास्तर उभेच राहिले. दोनदा वदवून घेतलं, मग लिहिलं. "तीन हजार वर्षं, मिस्त्री! तुमच्या आज्याच्या तोंडात!"

ते गेल्यावर गोजरबाई भाकरी वाढताना नवऱ्याला म्हणाली, "आजेसासरे म्याबी पाह्यलेत. कधी म्हणले ते नाभूर?"

"गप जेवू दे."

"कुजकी पाटी बसवलीत की वो."

कचरू जेवला नाही.

आठ महिन्यांनी मास्तरांचा निरोप आला. वही हैदराबादेला छापायला चालली होती. नाभूरवर अख्खं प्रकरण होतं, खाली कचरूचं नाव. तारा नव्हता. त्याने हातातला वाकस खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पायी निघाला, दुपारी अंबडला पोचला.

"मास्तरसाब, ते नाभूर मी बनवलं. आजा तुंबाच म्हणायचा."

 मास्तरांनी वही उघडून शब्दावर रेघ मारली, आणि पुढची सोळा पानंही एकेक करून खोडली.

"तुम्ही दिलेले बाकीचे एकशे बारा शब्द?"

"समदे खरे हायत."

"ते मला आता कसं कळावं, मिस्त्री?"

 तेव्हापासून कचरू गुरुवारी गाडी जुंपून अंबडला जाई आणि शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीला, मास्तरांना गावोगाव फिरवी. एकेक शब्द मास्तर तीन-तीन सुतारांना विचारत. त्या वेळी कचरू लांब, बैलांपाशी उभा राही. मास्तरांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

पाच वर्षं गेली. एकशे बाराच्या एकशे बारा खरे निघाले. तोवर मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. नवी प्रत लिहायला बसले, तर ओळीवर ओळ चढू लागली. अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत ते वही घेऊन लेकीकडे हैदराबादेला गेले. ती छापली गेली नाही.

कचरूने पुढे चाकं केली, पाट्याही जोडल्या. पण नव्या गिऱ्हाइकाने अमक्या लाकडाचा आख किती वर्षं टिकेल म्हणून विचारलं, की तो हातातलं काम थांबवी, वर बघे, आणि म्हणे, "न्हाई ठाऊक."

गिऱ्हाईक कधी कधी दुसऱ्या सुताराकडे जाई. तो जाऊ देई.