लाटी मोजली नव्हती

डॉक्टरांनी माझ्याकडे अकरा किलो मागितले, तेही आठ आठवड्यांत.

माझ्या धाकट्या भावाचं लिव्हर निकामी झालं होतं. तो धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याला सुपारीचंही व्यसन नाही, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारायचा, "घ्यायचा का?" मला त्या लोकांना चहा देणंही जिवावर यायचं. दारू नव्हती, चरबी होती. ती वर्षानुवर्षं साचत गेली आणि कळलं तेव्हा त्याच्या पोटात पाणी झालेलं होतं.

वहिनीचा रक्तगट जुळेना, आईचं वय बसेना. राहिले मी. पुण्याच्या हॉस्पिटलात माझ्या तपासण्या झाल्या. सगळं जुळत गेलं आणि शेवटच्या स्कॅनमध्ये माझ्याही लिव्हरवर चरबी निघाली. आमच्या घराण्यात तुपाची कमी कधी नव्हती, ती तिथेही नव्हती. वजन चौऱ्याऐंशी. असं लिव्हर कापून देता येत नाही, तुम्हालाही धोका आणि त्यालाही, असं डॉक्टर म्हणाले. पण ही चरबी लवकर उतरते. रोज आठशे कॅलरी, आमच्या देखरेखीखाली, दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी. आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन.

"तेवढा वेळ त्याच्याकडे आहे का?" मी विचारलं.

"तेवढा आहे. त्यापुढचं मी सांगत नाही."

मग त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढलं. उजवीकडचा मोठा भाग भावाला जाणार, लहान भाग माझ्याकडे राहणार, आणि दोघांचेही पुढे वाढणार. भाऊ शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपलाय. तो डोळे न उघडता म्हणाला, "अक्का, मोठा तुकडा माझा."

"लहानपणापासून तुझाच," मी म्हणाले. खरंच होतं ते. आंबा असो, पेरू असो, मोठी फोड त्याची आणि भांडण माझं.

जळगावला परत आले. आम्ही पिंप्राळ्यात राहतो. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसाचं खाणं असं ठरलं होतं: तीन वेळा पाण्यात कालवायच्या पावडरीचं एकेक पाकीट, एक मोठी वाटी बिनतेलाची उकडलेली भाजी, पातळ ताक, आणि तीन लिटर पाणी. पाकिटावर व्हॅनिला लिहिलेलं होतं. चव ओल्या पुठ्ठ्याची होती. पुण्याच्या आहारतज्ज्ञ मॅडम दर शनिवारी फोन करायच्या. त्यांनी सांगितलं होतं, तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहायचं. मी शाळेचं जावकबुक लिहावं तशी ती वही लिहीत होते, वेळ टाकून.

भाजी शिजवायला धुळ्याहून आई आली. दोन महिने तुझ्याकडेच राहते, म्हणाली. भावाजवळ वहिनी होती. आई रोज गिलके नाहीतर दुधी चिरून छोट्या काट्यावर तोलायची, आणि काटा थोडा जरी वर गेला तरी एक फोड काढून ठेवायची. नवरा माझ्यासमोर जेवेना. स्वयंपाकघरात उभ्याने चोरासारखं जेवून घ्यायचा आणि मग बडीशेप चघळत बाहेर यायचा, जणू काही मला कळतच नाही.

पहिल्या आठवड्यात डोकं इतकं दुखलं की मी शाळेत शिपायावर विनाकारण ओरडले. फाल्गुनातल्या उन्हात माझी बोटं गार पडायची. पोट साफ होईना, कंगव्यात केसांचा पुंजका यायला लागला. पण काटा खाली जात होता. पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो. मॅडम म्हणाल्या, यात बरंचसं पाणी आहे, हुरळू नका. मी हुरळले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सत्याहत्तर किलो चारशे ग्रॅम. ब्लाउज ढिले झाले. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतेस. भाऊ तिकडे पिवळा पडत चालला होता आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, हे सांगायला आजही लाज वाटते.

चौथ्या आठवड्यात काटा थांबला. सत्याहत्तर. दुसऱ्या दिवशी सत्याहत्तर शंभर. काटा फरशीवरून हलवून न्हाणीजवळ ठेवला, सेल बदलले. दहा दिवस झाले तरी सत्याहत्तरच. मॅडमनी वही फोटो काढून मागवली, पाहिली आणि म्हणाल्या, "लिहिलंय तेवढंच खात असाल तर असं इतके दिवस व्हायला नको." त्या तेवढंच बोलल्या, पण मला सरळ सरळ खोटारडी ठरवल्यासारखं वाटलं. मी पाकिटाव्यतिरिक्त कशाला हात लावत नव्हते. मग माझ्या पोटात दुसरं कोण काय घालणार? शिजवणारी एकच होती.

त्या संध्याकाळी मी आईसमोर भाजीची वाटी आपटली. "यात तू दाण्याचं कूट घालतेस. पोरीला अशक्तपणा येईल म्हणून घालतेस ना? तुझ्या मायेने तो मरेल तिकडे."

"मी काहीच टाकं नही," आई एवढंच म्हणाली. एरवी माझ्या एका वाक्याला तिची चार असतात. ती भांडली नाही याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. सकाळी तिने पिशवी भरली, भाजीचा काटा माझ्या हातात दिला. "तूच शिजाडी ले आते." आणि धुळ्याच्या एसटीत बसून निघून गेली. मी थांबवलं नाही.

मी स्वतः भाजी शिजवायला लागले. चार दिवस झाले. काटा सत्याहत्तरवरच. आता मला भीती वाटायला लागली. स्कॅनला तीन आठवडेही उरले नव्हते.

त्या रविवारी आमच्या घरी पापडांची पाळी होती. होळीच्या आसपास आमच्या गल्लीत उडदाचे पापड सुरू होतात. आज एकीकडे, परवा दुसरीकडे. पहाटे आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन दहा-बारा बाया जमतात आणि ऊन चढायच्या आत लाटून मोकळ्या होतात. मी कुणाकडे गेले नाही तर माझ्याकडे कोण येणार? म्हणून गेले पंधरा दिवस मी ऑफिसच्या आधी जात होते. मॅडमनीही सांगितलं होतं की हात कामात ठेवा, भूक लागत नाही. गल्लीला माझं पथ्य माहीत होतं. चहाचा ट्रे माझ्यापाशी आला की दहा जणी ओरडायच्या, हिला नको, हिच्या भावाचं आहे. पोह्यांची बशी तर माझ्या वाऱ्यालाही येऊ देत नव्हत्या.

ज्या घरचे पापड असतात त्या घरच्या बाईने लाटणाऱ्यांना लाट्या खाऊ घालायच्या, ही आमच्याकडची रीत. पापडाच्या पिठाचा छोटा गोळा, म्हणजे लाटी, कच्च्या तेलात बुडवायची. लाटणारीचे दोन्ही हात कामात, म्हणून घरवाली स्वतः एकीएकीच्या तोंडात घालत जाते. नाही म्हणायची पद्धत नाही. तोंड उघडायचं, चावायचं, बोलणं पुढे चालू ठेवायचं.

त्या दिवशी घरवाली मी होते. लाट्यांचं ताट आणि तेलाची वाटी घेऊन फिरत होते. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीला वाटीचा तळ दिसला. आत जाऊन कॅनमधून वाटी पुन्हा भरली. शेजारणीच्या तोंडात लाटी घातली तर ती म्हणाली, "अजून दे. बुधवारी माझ्याकडे तू सात खाल्ल्या होत्या."

मी तिथेच उभी राहिले. सात. आणि सोमवारी समोरच्यांकडे? शुक्रवारी कोपऱ्यावरच्या घरी? तिथे तर कुरडयाही होत्या, गव्हाच्या गरम चिकावर तेल घालून चमचा तोंडापुढे आला होता आणि मी तोंड उघडलं होतं. वहीत यातलं काहीच नव्हतं. मी खोटं लिहिलेलं नव्हतं. लाटीला माझा हात लागला नव्हता, ताट मांडलेलं नव्हतं, मी जेवायला बसले नव्हते. लाटी खाल्ली याला आमच्याकडे खाणं म्हणतच नाहीत. मी बोलून दाखवलं तर सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यावरची म्हणाली, "लाटी काय खाणं आहे का?" आणि लाटणं खाली ठेवून बोटांवर मोजायला लागली.

मॅडमना फोन केला. त्यांनी एका लाटीचा आकार विचारला, तेल किती लागतं ते विचारलं. हिशेब करून म्हणाल्या, पापडांच्या दिवशी तुम्ही जवळजवळ दुप्पट खात होता. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग आईला लावला. "आई, तू काही टाकलं नव्हतंस. माझंच चुकलं." आणि लाट्यांचं सगळं सांगितलं.

"टाकं नही," आई म्हणाली, "पण टाकाना इचार उना व्हता. दोन येळ कूटना डबा उघाडा."

"का गं?"

"तुन्हं वजन उतरनं नही तर तुले कापतीन नही. एक तं जाईच ऱ्हायना टेबलवर. दोन्ही पोरं मनाच शेतस." पुढे म्हणाली, "मंग डबा बंद करी दिधा. पण तू बोलनी तव्हय माले वाटनं, इले दिसनं."

कूट टाकायचं तिच्या मनात आलं होतं ते मला दिसलं असं वाटून ती भांडली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी फोन धरून रडले. तोवर मला एकदाही वाटलं नव्हतं की माझंही काही होऊ शकतं आणि त्याची भीती कुणाला तरी वाटत असेल. मी म्हणाले, परत ये, माझ्याच्याने भाजी तोलली जात नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आई आली. येताना धुळ्याची गिलकी घेऊन आली, जसं काही जळगावात मिळतच नाहीत.

उरलेले पापड मी लाटले, पण तोंडाला रुमाल बांधून. त्यावरून गल्लीने माझी यथेच्छ चेष्टा केली. शेवटच्या दिवशी काट्यावर त्र्याहत्तर किलो सहाशे होते, म्हणजे सहाशे ग्रॅम जास्तच. पुण्याला जाताना गाडीत मी त्या सहाशे ग्रॅमचाच विचार करत होते. डॉक्टरांनी वजनाकडे पाहिलंही नाही. स्कॅन पाहिलं आणि म्हणाले, चालेल.

ऑपरेशनचं मला फार आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर आई दिसली नाही. वहिनी म्हणाली, त्या बाहेर आहेत, तुमचं एक नि यांचं एक अशी दोन दारं आहेत ना, मधल्या बाकावर बसल्यात.

याला आता वर्ष झालं. या होळीला मी धुळ्याला गेले होते. घरचे पापड वाळत पडले होते. कच्च्या पिठाची लाटी भावाला आता औषधांमुळे चालत नाही आणि मी तर तेव्हापासून सोडलीच आहे. आईने दोघांकडे पाहिलं, एक पापड गॅसवर बिनतेलाचा भाजला, आणि मोडला. पापड काही मधोमध मोडत नाही. एक तुकडा मोठा निघाला, एक लहान. भाऊ खुर्चीत बसून हात पुढे करूनच होता, आणि मोठा तुकडा याही खेपेला त्यालाच गेला. मी सवयीप्रमाणे भांडले.