पेटंटवाले साहेब आणि दोन दिवे

“यात नवीन काय?” असं विचारताना साहेब मान जराशी तिरकी करायचे आणि डावा डोळा बारीक करायचे. आवाजात कुचेष्टा नसायची. त्यांना खरोखरच माहिती हवी असायची, आणि त्रास त्याचाच व्हायचा. कुचेष्टा करणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. मनापासून विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

नगरला माळीवाडा स्टँडजवळ माझं चष्म्याचं दुकान होतं. साहेब मूळचे नगर जिल्ह्यातल्याच कर्जतचे, नोकरीला मुंबईत, पेटंट कचेरीत परीक्षक. कुणी काही नवीन यंत्र शोधलं की तो सरकारकडे अर्ज करतो, दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून. ते यंत्र खरंच नवीन आहे का, हे तपासायचं काम साहेबांचं. आईला भेटायला कर्जतला जाताना ते नगरला एसटी बदलायचे आणि पुढची गाडी लागेपर्यंत माझ्याकडे बसायचे. कर्जतची गाडी त्या काळात वेळेवर लागत नसे, त्यामुळे आमचा स्नेह चांगलाच वाढला.

नोकरी मुंबईत ठेवून ते येत, पण परीक्षण बरोबर घेऊन येत. चहावाल्यानं ‘स्पेशल’ पुढं केला की ते विचारत, कशापेक्षा स्पेशल? त्यानं सांगितलं, साध्यापेक्षा. मग त्यांनी साधा मागवला, दोन्ही पिऊन पाहिले आणि फरक फक्त कपात आहे असा निर्णय दिला. तेव्हापासून चहावाला साहेबांना न विचारता साधाच द्यायचा.

माझ्या दुकानावर पाटी होती, ‘नगर जिल्ह्यातील सर्वात अचूक चष्मे’. साहेबांनी ती वाचली आणि दावा फार रुंद आहे म्हणाले. जामखेडपासून अकोले तालुक्यापर्यंतचे सगळे चष्मे तपासले आहेत का, असं विचारलं. पुढच्या खेपेला मी ‘जिल्ह्यातील’ पुसलं. त्याच्या पुढच्या खेपेला ‘सर्वात’ गेलं. ‘अचूक’ची आम्ही बराच वेळ चर्चा केली आणि तेही गेलं. शेवटी पाटीवर ‘चष्मे मिळतील’ एवढंच उरलं. साहेब खाली उभं राहून ती बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “मिळतील म्हणजे केव्हा?”

एकदा मात्र ते आले आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. मग हळूच म्हणाले, मला एक चमत्कारिक चष्मा करून द्याल का? कशासाठी ते विचारू नका, कचेरीचं गुपित आहे.

गुपित काय होतं ते मला फार पुढं कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमची आमच्यासारखी गत व्हायची नाही. त्यांच्या टेबलावर एक परदेशी अर्ज आला होता. डोक्याला घालायचं यंत्र. डोळ्यांपुढच्या काचेतून समोरचं जग दिसायचं आणि त्याच काचेत यंत्र आपल्या खुणा दाखवायचं. म्हणजे मेकॅनिकनं इंजिनाकडे बघावं आणि कुठला नट खोलायचा त्यावर बाण दिसावा. आता बाण नेमका नटावरच बसायचा तर काच ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे जुळवावी लागणार. ती जुळवायच्या युक्तीचा अर्ज होता. त्यात एक वाक्य होतं की, कोणताही सामान्य माणूस ही जुळणी सहज करू शकेल.

या ‘सामान्य माणसा’पाशी साहेब अडले. कचेरीतले बाकीचे लोक कागद वाचून शेरा मारत. साहेबांना सामान्य माणूस प्रत्यक्ष पाहायचा होता, आणि तो मुंबईत सापडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

त्या दिवसांत आरशासारखे चमकणारे मर्क्युरी गॉगल पोरांमध्ये फार चालत. मी एका गॉगलच्या दोन्ही काचा काढल्या आणि नंबर तपासताना नाकावर ठेवतो त्या लोखंडी फ्रेममध्ये तिरक्या बसवल्या. दोन्ही बाजूंना टॉर्चचे बारके बल्ब, त्यांच्यापुढे भिंगं आणि बल्ब सरकवायला स्क्रू. फ्रेम चढवून रस्त्याकडे पाहिलं की रस्ता दिसायचा आणि रस्त्यावर तरंगणारा उजेडाचा ठिपकाही दिसायचा. समोर भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या पाटीवरच्या ‘भांडी’ या शब्दाच्या टिंबावर तो ठिपका आणून बसवायचा, एवढंच काम.

साहेबांनी सामान्य माणसं गोळा करायला सुरुवात केली. एका कंडक्टरनं ठिपका झटक्यात बसवला आणि लगेच डबल बेल मारल्यासारखा हात केला. भांडीवाले शेठ स्वतः आले, पण आपली पाटी समोरून पाहायची त्यांची पहिलीच वेळ असावी. ते ठिपका सोडून रंग उडाल्याचीच हळहळ करत बसले. एका गृहस्थांनी डोळे मिटूनच ‘बसला, बसला’ असं सांगितलं, कारण त्यांची गाडी लागली होती.

साहेब कशासाठी हे करतात ते सांगत नव्हते, म्हणून लोकांनीच ठरवून टाकलं. सरकारनं जमिनीतलं पाणी दिसणारा चष्मा काढलाय, अशी बातमी स्टँडवर पसरली. मिरजगावकडचे एक पाटील तर दोन गाड्या सोडून थांबले. फ्रेम लावून त्यांनी आधी डांबराकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. “पानी कुठंय?” म्हणाले. साहेबांनी पाणी नाही असं स्पष्ट सांगितलं. पाटलांनी फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाले, “बरोबर हाय. नगरात पानी कुठनं आसनार? आमच्या रानात आनून बघा.”

साहेबांना पाटलांची थट्टा करायची नव्हती की त्यांना फसवायचं नव्हतं. ते आर्जवानं सांगू लागले की हा चष्मा पाण्याचा नाही. जितकं सांगावं तितकी पाटलांची खात्री पटत गेली.

त्याच्या पुढच्या खेपेला साहेबांबरोबर त्यांच्या आई होत्या. कर्जतला विहारामागं त्यांचं घर. आई तिथं एकट्याच राहायच्या. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या डोळ्यापुढं जाड भिंगाचा चष्मा आला होता. साहेबांनी स्वतः रजा काढून ते करवून घेतलं होतं आणि त्याचं त्यांना फार समाधान होतं. आता आईला स्वच्छ दिसतं, असं ते मला प्रत्येक खेपेला सांगत.

आईला नगरच्या डॉक्टरांना दाखवून ते परत निघाले होते. गाडीला वेळ होता. साहेबांनी फ्रेम मागितली आणि जाड चष्म्यापुढं धरून आईला विचारलं, दिवा दिसतो का?

“दोन हायेत,” आई म्हणाल्या.

सुरुवातीला सगळ्यांनाच दोन दिसायचे. स्क्रू फिरवला की ते एकमेकांवर बसायचे. साहेबांनी स्क्रू फिरवला. दोनच. दुसऱ्या बाजूचा फिरवला. तरी दोनच. साहेब म्हणाले, डोकं हलवू नकोस. आई म्हणाल्या, मी कुठं हलतेय, दिवाच हलतोय. साहेबांना घाम फुटला. इतक्या माणसांत न जुळलेली ही पहिलीच जोडी होती आणि त्यांना अर्जातली खोट सापडल्याचा आनंद लपवता येत नव्हता. शेवटी त्यांनी फ्रेम बाजूला घेतली आणि सहज म्हणावं तसं विचारलं, आता दिवा गेला ना?

“दिवा गेला. भांड्याचं दुकान दोन हाय की आजून.”

आईंनी पदरानं चष्मा पुसला.

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

“आपरेशन झाल्यापासनं. समदंच दोन दिसतंय. तू बी दोन दिसतोस.” मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वाटायचं, बरं हाय, एक ममईला गेला तर एक ऱ्हाईल. पर जाताना दोगं बी जात्यात.”

आईंनी चहा ओतताना एक डोळा मिटायची सवय लावून घेतली होती, हे साहेबांनी पाहिलं होतं. ती लाडिकपणाची खोड आहे असं त्यांना वाटलं होतं. मुलानं एवढ्या हौसेनं करवलेल्या ऑपरेशनला नावं कशी ठेवायची, म्हणून त्या कुणालाही बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही ‘झकास दिसतंय’ म्हणाल्या होत्या.

मी समजावून सांगितलं. जाड भिंगामुळे त्या डोळ्याला सगळं मोठं दिसतं, दुसऱ्याला लहान. मोठं आणि लहान एकावर एक बसत नाही. त्याला स्क्रू नाही. तोवर दुसऱ्या डोळ्यापुढं धुरकट काच घालू, आणि त्याही डोळ्यातला मोतीबिंदू पिकला की त्याचं ऑपरेशन करा. काच मी तिथंच घालून दिली. आईंनी रस्त्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्याच्या गालावरून हात फिरवला आणि “वाळलास लई,” म्हणाल्या. दोन दिसत होता तेव्हा भरल्यासारखा वाटत असावा.

साहेबांनी त्या अर्जावर हरकत घेतली. दोन्ही डोळे एकमेकांशी जुळतातच हे अर्जदारानं धरून चाललंय; ज्याचे जुळत नाहीत त्यानं काय करायचं? पलीकडून सुधारलेला मजकूर आला. आता एकेक डोळा झाकून जुळणी करायची होती, आणि तरीही जमलं नाही तर खुणा एकाच डोळ्याला दाखवायच्या होत्या. अर्ज मंजूर होऊन जाहीर झाला तेव्हा साहेब मुद्दाम दुकानात आले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि मान तिरकी करून विचारलं, “यात नवीन काय?” त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आईंचं दुसरं ऑपरेशनही झालं. पुढं काही वर्षं त्यांना सगळं एकेकच दिसलं. नंतर त्या गेल्या. साहेबांचं येणं कमी झालं.

शेवटचे आले ते कर्जतच्या घराची व्यवस्था लावून मुंबईला परतताना. मी म्हटलं, इतकी वर्षं बसताय, एकदा तुमचा नंबर काढू. त्यांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. मला शंका आली. मी तक्त्याचा दिवा बंद करून पुन्हा वाचायला सांगितलं, तरी ते तसाच म्हणत गेले. तक्ता पाठ झाला होता. मग मी त्यांना पायरीवर नेऊन समोरच्या पाट्या वाचायला लावल्या. एकही वाचता येईना. त्यांनी ते ताबडतोब कबूल केलं.

वर लांबचा आणि खाली जवळचा, असा चष्मा मी करून दिला. पहिल्यांदा असा चष्मा लावला की खाली पाहताना जमीन वर आल्यासारखी वाटते. मी तसं सांगितलंही. साहेब बरं म्हणाले, पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडू लागले. सपाट डांबरी रस्ता, पण ते प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत उचलून टाकत होते, कमरेएवढ्या पाण्यातून चालल्यासारखे. रिक्षा थांबल्या. कंडक्टरनं मुंबईच्या गाडीचं दार उघडून धरलं. साहेब तसेच पाय उचलत, कुठंही घाई न करता, गाडीपर्यंत गेले.