गालाला गार लागणारी कवडी

मल्लम्माअक्का माळ ओवायला बसल्या की एकेक कवडी आधी गालाला लावून बघायच्या. तुळजापुरात आमच्या घराला लागूनच त्यांचं दुकान. "गार लागली की समुद्राची," त्या म्हणायच्या, "कोमट लागली की कारखान्याची. देवीच्या माळंत कारखाना ओवायचा न्हाय, माय."

माझी लेक समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करते. सुट्टीत आली की अक्का तिला दुकानात बसवून घ्यायच्या. तिनं एकदा सांगितलं, की कवडीचा जीव प्रवाळाच्याच आसऱ्यानं राहतो. प्लास्टिक झिजून त्याचा डोळ्यांना न दिसणारा चुरा होतो, वाहत तिथवर जातो, आणि प्रवाळ तो खाणं समजून गिळतं. पोट भरतं, पण जीव उपाशीच राहतो. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "मुक्या जिवाला फसवायचं म्हंजे लई पाप," म्हणाल्या, आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या माळा त्याच दिवशी उतरवल्या. मी गावभर त्यांचं कौतुक सांगत फिरले.

म्हणूनच आईची माळ मी डोळे झाकून त्यांच्या हाती दिली. आई देवीची आराधीण होती, माळ घालून तिची गाणी म्हणायची. शेवटच्या आजारात तिनं ती माझ्या गळ्यात घातली होती. दोरा तेवढा कुजला होता, तो बदलायचा होता. नवरात्रात तीच माळ घालून मी देवीचा पेटता पोत हाती घेतला. पेटतं तेल माळेवर ठिबकलं आणि एक कवडी आक्रसून काळी पडली. प्लास्टिकची बादली जळावी तसा वास आला.

माळ पुढ्यात ठेवली, तर अक्कांनी नाकबूल केलं नाही. सुपारी कातरत राहिल्या.

"खऱ्या कवड्या आता कुठं मिळत्यात? परगावच्या गिऱ्हाइकाला जुन्याच पायजे होत्या. त्यो गालाला लावून बघतो."

"आणि मी?"

"तू तर घरचीच. तू कशाला बघशील?"

माळ गेल्याचं दुःख एकवेळ गिळलं असतं, हे उत्तर गिळवलं नाही. आईच्या अंगावर गुळगुळीत झालेल्या कवड्या कुणाकडे गेल्या, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. यंदा अक्का वारल्या. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. राग अजून आहे.

देवीची माळ बिघडली तर वाहत्या पाण्यात सोडायची, ही आमच्याकडची रीत. धाकटी जाऊ मागं लागली आहे, "सोडा की नदीत, एकदाचं संपवा." पण नदी समुद्राला मिळते. तिथं कुणीतरी तोंड उघडून बसलंय, येईल ते आपलंच खाणं समजून. माळ मी ट्रंकेत ठेवली आहे.