वहिनींच्या माळेतला कमळाचा रुपया

लोक धड रुपया जपतात, मी मात्र ठसे मारलेले रुपये शोधत हिंडायचो. पूर्वी आमच्या वऱ्हाडातले सराफ कंपनी सरकारचा रुपया पारखून झाला की त्यावर आपली बारीक खूण ठोकत. कुणाची चांदणी, कुणाची चंद्रकोर. माझ्या तरुणपणी असा रुपया कचेरीत घेत नसत आणि दुकानदारही परत हातात ठेवायचा. मी अकोल्याला कारकून होतो. पगारातला कोरा रुपया देऊन मी हे नाकारलेले रुपये घ्यायचो. सोबतचे कारकून म्हणत, "याले सोनं देल्लं तरी हा पितळ शोधत बसन." खोटं नव्हतं ते.

चाळीसेक खुणा जमल्या होत्या. कमळाची तेवढी नव्हती. एका म्हाताऱ्या सराफाने ती जन्मात दोनदाच पाहिली होती. तिच्यासाठी मी धारणीपर्यंत जाऊन आलो आणि येताना फक्त हिवताप घेऊन आलो.

शनिवारी मी अमरावतीला घरी यायचो. एका रविवारी वहिनी अंगणात बसून आपली माळ राखेने घासत होत्या. सात रुपयांची ती माळ लग्नात त्यांच्या वडिलांनी घातलेली. ते तिवस्याकडचे माळी, वांगी-मिरच्या विकून एकेक रुपया साठवलेला. घासताना वहिनींनी एक रुपया उलटवला आणि त्यावरच्या राणीच्या गालावर मला कमळाची खूण दिसली.

हा रुपया मी बारा वर्षं त्यांच्या गळ्यात पाहत होतो, पण पाठमोरा. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नात आमच्या आईने भर मांडवात म्हटलं होतं, "सातात एक डागी देल्ला काय व्याह्यानं?" तेव्हापासून वहिनी तो उलटाच घालत, आणि चारचौघांत बसल्या की गळ्याशी हात नेऊन तो वळला तर नाही ना, हे चाचपून पाहत.

लोभ सुटला की माणूस गोड बोलतो. मी म्हटलं, "वहिनी, हा डागी मले द्या. मी कोरा देतो, सोनाराकडून बसवूनही देतो."

"खरंच, भाऊजी?" त्यांचे डोळे भरून आले. "माह्या बापावरचा बोल तरी जाईन."

तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

दुपारीच आम्ही सोनाराकडे गेलो. त्याने कडी उलगडायला चिमटा उचलला, तसं वहिनींनी त्याला थांबवलं. तो रुपया त्यांनी कपाळाला लावला. म्हणाल्या, "बापानं पाहूनच ठेवला असन जी. कमळ लक्ष्मीचं, पोरीच्या गळ्यात असावं म्हणून."

मग मात्र माझ्याने राहवेना. "नका देऊ, वहिनी. मी तुमाले फसवून राहिलो होतो. हा डाग नाही, सराफाची खूण आहे. सारं वऱ्हाड पालथं घातलं, मले असा दुसरा भेटला नाही."

सोनार हसला. वहिनी हसल्या नाहीत. "मंग बारा वर्षं मी काहून लपवला?" एवढंच म्हणून त्यांनी माळ उचलली.

पुढच्या शनिवारी आलो तेव्हा घरात हळदीकुंकू होतं. बायका जमल्या होत्या आणि वहिनींच्या गळ्यात कमळ सरळ झळकत होतं. आईने ते पाहिलं. तिचं तोंड असं की मोठमोठे वचकून असत, म्हणून मी दारातच थांबलो. वहिनींनी पुढे होऊन माळ तिच्या हातात दिली आणि सोनाराकडे घडलेलं सगळं सांगितलं, माझ्या लबाडीसकट. आईने रुपया डोळ्यांजवळ नेला, पदराने पुसला, पुन्हा पाहिला.

लग्नानंतर बारा वर्षांत आई एकदाही व्याह्यांच्या दारी गेली नव्हती. तिने माळ वहिनींच्या गळ्यात परत घातली, कमळ नीट वर केलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तिवस्याची मोटार सकाळी केव्हा सुटते रे?"