क्लाउडचं लग्न

वर्ध्याच्या आमच्या ऑफिसातलं स्टोरेजचं कपाट, म्हणजे सगळा डेटा साठवणारं यंत्र, गळ्यापर्यंत भरलं होतं. ते क्लाउडवरच्या जागेशी जोडायला आलेल्या इंजिनिअरचं नाव मी विचारलंच नाही. त्याने कपाटाला हळदकुंकू लावलं, लॅपटॉपला टिळा लावला आणि माझ्या हाती दुपट्टा दिला.

"हा मधात धरा. कपाट नवरी हाये, नवरदेव तिकडं क्लाउडात. दोघाइनं एकमेकाइले ओळखलं का काढजा."

मी, एवढा मॅनेजर, मुकाट्याने अंतरपाट धरून उभा!

लॅपटॉपवर जोडणी झाल्याचा हिरवा दिवा लागताच त्याने मूठभर अक्षता उधळल्या. त्यातल्या निम्म्या थेट कपाटाच्या पंख्यात गेल्या आणि ते खडखडू लागलं. मी किंचाळलो.

तो शांतपणे बॅग आवरत म्हणाला, "लग्न लागलं न साहेब, आता खडखड तं होईनच."

खडखड अजून थांबलेली नाही. पण दोघांनी एकमेकांना सोडलेलंही नाही.